निराधार पेन्शनच्या अर्जात मदत करायला कसं शिकावं

संस्थेत नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्याला वस्तीतले लोक पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, मला पेन्शन बसेल का?" त्याचं खरं उत्तर देता यायला हवं. त्यासाठी सगळ्या योजना एकदम पाठ करायला जाऊ नका. एकच योजना धरा आणि एका माणसाचा अर्ज खात्यात पैसे जमा होईपर्यंत तडीस न्या. मी संजय गांधी निराधार अनुदान योजनेपासून, म्हणजे विधवा, दिव्यांग अशा निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेपासून, सुरुवात करायला सांगते. ती १९८० पासून चालू आहे आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात जातो, म्हणजे शिकायला लांब जावं लागत नाही.

आधी ऐकून घ्या. फॉर्म पिशवीतच राहू द्या. नवरा कधी वारला, तेव्हा त्याचं वय काय होतं, रेशनकार्डावर कोणाकोणाची नावं आहेत, घरात कोणी दिव्यांग आहे का, हे सगळं बोलण्याच्या ओघात कळतं. बाई पेन्शन विचारायला आलेली असते. पण घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. ते तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग निकष ताडून बघा. वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी योजना, ६५ पूर्ण झाली असतील तर श्रावणबाळ, म्हणजे वृद्धांसाठीची राज्याची पेन्शन योजना. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. दिव्यांगत्व असेल तर ते किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र हवं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साठसुद्धा नाहीत. ही मर्यादा माझ्या मते अन्यायकारक आहे आणि ती वाढावी म्हणून आपण बोललंच पाहिजे. पण म्हणून कोणाला खोटा आकडा लिहायला सांगू नका. चौकशी झाली की भोगावं त्या माणसाला लागतं.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट समजावून सांगा. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त रुपये मिळत असतील, तर लाडकी बहीणसाठी ती अपात्र ठरते. अर्ज करण्याआधीच हे तिला माहीत हवं.

नियम ऐकीव माहितीवर सांगू नका. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. ताज्या निर्णयाची प्रत छापून जवळ ठेवा. टेबलावर तीच कामाला येते.

कागद जुळवा. खरा वेळ इथेच जातो. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. अर्ज द्यायच्या आधी हे दुरुस्त करून घ्या, नंतर त्रुटी निघाली की महिने जातात. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो. कार्यालयातल्या फलकावर त्याची मुदत लिहिलेली असते. मुदत उलटली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. भांडण न करता कायद्याचं नाव नुसतं घेतलं तरी पुष्कळदा दाखला हलतो.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कामाच्या पहिल्या वर्षी मी एका विधवा मावशींचा अर्ज असाच देऊन आले होते. पाच महिन्यांनी उत्तर मिळालं, "असा अर्जच आलेला नाही." त्या पाच महिन्यांचे पैसे त्यांना कधीच मिळाले नाहीत आणि चूक माझी होती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही, तिन्ही हवं. अर्ज नामंजूर झाला असं तोंडी सांगितलं तर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो.

प्रकरण जमिनीच्या वादात किंवा मुलाने घराबाहेर काढण्यापर्यंत गेलं असेल तर ते आपल्या हातातलं नाही. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन लावून द्या आणि पहिल्या भेटीला सोबत जा.

मंजुरीनंतर फाइल बंद करू नका. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि ते खातं कोणतं, हे पुष्कळ बायकांना आठवत नाही. बँकेत जाऊन विचारून घ्या. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन थांबते. पुढच्या वर्षीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा आणि तीच मावशींच्या घरातल्या कॅलेंडरवरही.