मृगाआधी कपाट आवरताना वाळण्याचा हिशोब धरा

कपाटातले कपडे कमी करायचे तर मे महिन्याच्या सुरुवातीला, कडक ऊन असताना आणि मुंबईची मंडळी येऊन घर भरायच्या आत. मृगाचा पाऊस लागला की हे काम थेट नवरात्रापर्यंत लांबतं. नवीन काही आणायचं नाही, घरात आहे त्यातूनच निवडायचं. मुलांचे डबे, नोकरी, बाजार, सासूबाईंची औषधं हे सगळं सांभाळणाऱ्या बाईला सकाळी कपाटासमोर उभं राहून विचार करावा लागू नये, एवढ्यासाठीच हे करायचं.

सगळं बाहेर काढा, माळ्यावरची बॅग आणि पलंगाच्या पेटीतलं गाठोडंसुद्धा. घट्ट झालेलं, विटलेलं, फाटलेलं बाजूला. त्यावर वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकी हीच राहिली होती, म्हणून पुन्हा पुन्हा सांगणार आहे. किती जोड ठेवायचे हे कपाटाच्या जागेवरून ठरवू नका. कपडा पावसात वाळायला किती वेळ घेतो, त्यावरून ठरवा. मेमध्ये सकाळी दोरीवर टाकलेला कुर्ता दुपारी घडी करता येतो, त्यामुळे चार जोड भरपूर वाटतात. जुलैत तेच चार जोड पडवीत ओले लोंबत असतात आणि शाळेची रिक्षा दारात येते तेव्हा अंगावर चढवायला काही नसतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हवेतच इतकी ओल असते की कपड्यातलं पाणी निघायला वाव राहत नाही. दोन दिवस वाळणारा कपडा असेल तर एक अंगावर, दोन दोरीवर आणि एक घडीला, असे चार तरी लागतात. तीन दिवस घेणारा असेल तर पाच. हा हिशोब झाल्याशिवाय एकही कपडा कोणाला देऊन टाकू नका.

वाळण्याची परीक्षा घरातच होते. प्रत्येक जातीचा एकेक कपडा संध्याकाळी धुऊन पडवीत सावलीला टाका, पंखा न लावता. दुसऱ्या संध्याकाळी बघा. पाठ, पोट लगेच कोरडं लागतं, त्यावर जाऊ नका. परकराचा नेफा, बगलेतली शिवण, ब्लाऊजचं अस्तर, खिशाचं आतलं कापड हे गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. मेमध्येच जे गार लागतं ते जुलैत कुबट वास मारणार, हे धरूनच चाला. सुती धागा नेहमीच्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पावसाळ्याच्या कप्प्यात मिश्र धाग्याच्या कुर्त्या, पातळ वॉयल, सिंथेटिक साड्या. जाड सुती आणि जीन्स सप्टेंबरपर्यंत बाजूला. जीन्सचा मोह नकोच, तिचा कंबरपट्टा आणि खिसे दिवसेंदिवस ओले राहतात.

साडी नेसणाऱ्यांनी साड्या मोजू नयेत, परकर मोजावेत. साड्या डझनभर असतात, पातळ असल्या तर रात्रीत वाळतात, आणि खाली घालायला कोरडा परकर नसतो. आतल्या कपड्यांचंही तेच. वाळण्याचा हिशोब तिथूनच सुरू करा.

रंग जुळवायचे ते खालच्या कपड्यावरून. लेगिंग किंवा सलवार काळी, चॉकलेटी, गडद निळी. मग उरलेल्यांतली जी कुर्ती यांतल्या निदान दोनांवर चालते ती ठेवा. पांढरी सलवार पावसात घालूच नका. स्कूटरच्या चाकाने उडालेल्या तांबड्या चिखलाचे शिंतोडे घासून घासून कापड झिजतं, तरी डाग राहतो. ओढण्या दोन-तीन पुरेत.

काजूच्या बोंडांच्या आणि आंब्याच्या चिकाच्या डागांचे कपडे धूत बसू नका, ते जात नाहीत. त्यांतले धड असतील ते परड्यातल्या कामाला वेगळे ठेवा. चांगल्या कपड्यांवर बोंडं सोलायला बसायचं नाही, मुलांनीसुद्धा.

हूक, नाडी, इलॅस्टिक, उसवलेली टिप हे लगेच करून घ्या. जूनमध्ये शिंप्याकडे गणवेशांचा ढीग असतो आणि मग गणपतीची ब्लाऊजं, तुमची एक टिप तो कशाला मारेल?

जुन्या सुती साड्या गोधडीला. देण्याजोगं ते धुऊन, घडी करून द्या.

पावसाळ्यात न लागणारं पेटीत. पेटी बंद करण्याआधी पुन्हा तेच: उन्हात घालून, गालाला लावून, गार लागत नाही ना हे बघून. उन्हातून काढल्या काढल्या गरम कपडे कोंबू नका, थंड होऊ द्या. एक ओलसर नेफा आत गेला तर बुरशीचे काळे ठिपके शेजारच्या चार कपड्यांवर उठतात. रेशमी साड्या जुन्या धुतलेल्या सुती कापडात, प्लॅस्टिकमध्ये नको. जरीला डांबरगोळी टेकू देऊ नका.

गणपतीची साडी, तिचं ब्लाऊज आणि परकर एकाच पिशवीत, हाताशी. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही ते गाठोड्यात बांधून ठेवा आणि पाऊस गेल्यावर बघा.