बास्केटबॉल कोर्टवर स्टॉक कारची प्रदर्शनीय शर्यत: आखणीपासून अंतिम शर्यतीपर्यंत

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम शहरात बोमन ग्रे स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती फिरणारा तिथला ट्रॅक सपाट आणि जेमतेम पाव मैलाचा. स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या अमेरिकी संस्थेने 1979 पासून चालत आलेली आपली ‘क्लॅश’ ही प्रदर्शनीय शर्यत 2025 मध्ये तिथे नेली. या शर्यतीचे गुण वर्षभराच्या अजिंक्यपदात धरत नाहीत.

पाव मैल म्हणजे 402 मीटर. 1:10 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, रिमोट कारसाठी त्याचे होतात 40 मीटर, आणि 40 मीटरचा ओव्हल (लांबट गोल ट्रॅक) 28 बाय 15 मीटरच्या पूर्ण बास्केटबॉल कोर्टात व्यवस्थित मावतो. नवी मुंबईत नेरूळ, सीवूड्स, खारघर भागातल्या मोठ्या सोसायट्यांत आणि शाळांत असे कोर्ट असतात. त्यावर 15 गाड्यांची शर्यत एका रविवारच्या सकाळी कशी उरकायची, ते इथे दिले आहे. शर्यत चांगली की वाईट हे बहुतेक वेळा अंतिम फेरीआधीच ठरलेले असते. ज्याची गाडी खरोखर वेगवान आहे तो दुसऱ्याच्या चुकीमुळे बाहेर पडू नये, यासाठी पात्रता फेऱ्या असतात. म्हणून सगळ्यात जास्त डोके तिथे लावा.

ट्रॅकची आखणी

आधी कोर्टाच्या मधोमध 12 बाय 5 मीटरचा आयत खडूने आखा. दोन्ही कर्ण मोजा. बरोबर 13 मीटर भरले तर आयत काटकोनात आहे, नाही भरले तर कोपरे सरकवा. आयताच्या दोन्ही आखूड बाजूंचे मध्यबिंदू ही वळणांची केंद्रे. एकाने केंद्रावर दोरी दाबून धरायची, दुसऱ्याने आधी 2.5 मीटरवर आणि मग 5.5 मीटरवर अर्धवर्तुळ काढायचे. बाहेरच्या सरळ रेषा आतल्या रेषांपासून 3 मीटरवर. आतल्या कडेने लॅप (ट्रॅकची एक फेरी) 39.7 मीटरचा होतो, पूर्ण ट्रॅक 23 बाय 11 मीटरमध्ये बसतो आणि टोकांना अडीच व बाजूंना दोन मीटर मोकळे राहतात.

सरळ भागांना वायरिंगचे 25 मिमी पीव्हीसी पाइप लावा. हे 3 मीटर लांबीचे मिळतात, म्हणजे एका रेषेला चार आणि चार रेषांना सोळा. वळणांना बागेला पाणी घालायचा एक इंची पाइप घ्या. एक आतले आणि एक बाहेरचे वळण मिळून सुमारे 25 मीटर लागतो, तेव्हा 30 मीटरची दोन बंडले पुरतात. पाइपात पाणी भरून दोन्ही टोके घट्ट बांधा. मीटरला साधारण अर्धा किलो वजन येते आणि गाडी आदळली तरी पाइप जागचा हलत नाही. रिकामा पाइप दुसऱ्या धडकेलाच ट्रॅकच्या मध्ये येऊन पडतो.

सांध्यांकडे नीट बघा. पाइपाचे उघडे तोंड समोरून येणाऱ्या गाडीकडे असता कामा नये. गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, त्या दिशेने पाहून पुढच्या पाइपाचे तोंड मागच्याच्या आड लपवा. पुढच्या सस्पेन्शनचा आर्म तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे असे उघडे तोंड.

कोर्टावर ॲक्रिलिकचा रंग असेल तर फक्त मास्किंग टेप वापरा. खोके बंद करायची तपकिरी टेप रंगासकट निघते, आणि मग पुढच्या वेळी कमिटी परवानगी देत नाही. परवानगी लेखीच घ्या आणि त्यात वेळ, गाड्यांची संख्या आणि विजेची सोय स्पष्ट लिहा. महापालिकेचे मैदान असेल तर अर्ज बराच आधी करा.

चालक एका लांब बाजूला, शक्यतो पक्क्या ओट्यावर उभे राहावेत. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोणालाही चढू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून जमल्यास ओटा दक्षिणेला ठेवा, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. प्रेक्षक जाळीच्या बाहेर. जवळपास दीड किलोची गाडी ताशी 25 किलोमीटर वेगाने घोट्यावर बसली तर लहान मुलाला चांगलीच इजा होते.

गाडी: सगळ्यांची सारखी

स्टॉक याचा अर्थच मुळात कारखान्यातून आली तशी. त्यासाठी टामिया कंपनीची टीटी-02 चॅसिस (गाडीचा सांगाडा) उत्तम: फोर व्हील ड्राइव्ह, सुटे भाग सहज मिळणारे, धडका सोसणारी. नियम थोडे ठेवा, पण ज्याला वाकवता येणार नाही असे ठेवा:

- मोटर किटमधलीच 540 ब्रश्ड. तिच्या कॅनवर (बाहेरच्या डब्यावर) तपासणीनंतर रंगाचा ठिपका.
- पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक) 22 दाती, त्यात अडकणारा मोठा स्पर गियर 70 दाती, म्हणजे अंतिम गुणोत्तर 8.27.
- बॅटरी हार्डकेस 2एस लायपो (कडक आवरणाची, दोन सेलची लिथियम पॉलिमर), तपासणीच्या वेळी 8.40 व्होल्टपेक्षा जास्त नाही.
- टायर किटमधलेच, कसलेही रसायन न लावलेले.
- किमान वजन आदल्या दिवशी सगळ्या गाड्या तोलून ठरवा आणि हलक्या गाडीला चॅसिसच्या मध्यावर वजन चिकटवायला लावा.

पिनियनचे दात मोजाच. 22च्या जागी 25 दाती बसवले की गुणोत्तर 7.28 वर येते, सरळ रेषेत गाडी उघड पुढे जाते आणि बाहेरून काही कळत नाही.

बॅटरीचे दोन प्रकार एका शर्यतीत मिसळू नका. 7.2 व्होल्टची निकेल बॅटरी भाराखाली लायपोपेक्षा लवकर दबते, आणि मग शर्यत बॅटरीची होऊन बसते. लायपो घेतली तर स्पीड कंट्रोलरला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) लायपोचा कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरण्याआधी मोटर बंद करायची सोय, असलाच पाहिजे. किटसोबत येणाऱ्या काही जुन्या कंट्रोलरना तो नसतो. हॉबीविंगच्या 1060 या कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायला एक छोटा जंपर (काढघाल करायची पिन) असतो. तो निकेलच्या जागी राहिला तर सेल 3 व्होल्टच्या खाली जातो, बॅटरी फुगते आणि फेकून द्यावी लागते.

आदल्या रात्री एवढे तपासा. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला आहे ना? गोल बाजूवर बसला तर पहिल्या दहा लॅपांत सैल होतो आणि मोटर नुसतीच किंचाळते. त्या स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब द्या, पण प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना अजिबात नको, त्याने प्लॅस्टिक तडकते. किटमधली प्लॅस्टिकची बुशिंग काढून 5 बाय 11 मिमीचे बॉल बेअरिंग घालायची मुभा सगळ्यांना द्या. बुश झिजला की चाक डगमगते, आणि ते कुणाच्याच फायद्याचे नाही.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, बसवून बघा. गाडी स्टँडवर ठेवा, थोडा थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. चाके थांबली पाहिजेत. न थांबणारी गाडी ट्रॅकवर येऊ देऊ नका, इथे सवलत नाही.

ओव्हलवर सतत डावीकडेच वळायचे असते. त्यामुळे उजवे टायर, त्यातही पुढचा उजवा, आधी झिजतात. प्रत्येक हीटनंतर (अंतिम शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीनंतर) उजवे-डावे टायर अदलाबदल करा. अडीच मीटर त्रिज्येच्या वळणाला स्टिअरिंग पूर्ण लॉकपर्यंत लागत नाही. ट्रान्समीटरवरचा ड्युअल रेट (स्टिअरिंग किती वळेल याची मर्यादा) साधारण 60 ते 70 टक्क्यांवर आणला की पुढचे टायर घासणे कमी होते आणि वळणातून बाहेर पडताना वेग टिकतो. गाडी ढकलल्यासारखी बाहेर जात असेल तर नवखा चालक स्टिअरिंग आणखी वळवतो. तसे केल्याने टायर आणखी घसरतो. थ्रॉटल अर्धा क्षण आधी सोडायचा असतो.

पात्रता: एकट्याने, दहा लॅप

आता मुख्य गोष्ट. या ट्रॅकवर एक लॅप साधारण साडेआठ सेकंदांचा. स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूक 0.1 ते 0.2 सेकंद होते, आणि दोन बरोबरीच्या गाड्यांतला फरकही तेवढाच असतो. म्हणजे एकाच लॅपची वेळ घेतली तर गाड्यांऐवजी अंगठ्यांचा क्रम लागतो. उपाय सोपा आहे: सलग दहा लॅपांची एकूण वेळ घ्या. चूक तेवढीच राहते, पण दहा लॅपांत वाटली जाते.

गाडी एकटी सोडा. पहिला लॅप गरम होण्यासाठी, रेषा ओलांडताच घड्याळ सुरू, दहाव्या लॅपला बंद. दोन वेळाधिकारी रेषेच्या अगदी सरळ टोकाला बसवा. तिरपे बसले तर रेषा कधी ओलांडली हे दोघांना वेगवेगळे दिसते. दोघांची सरासरी धरा. फरक 0.3 सेकंदांहून जास्त आला तर रेषेवर रोखून ठेवलेल्या फोनचे व्हिडिओ चित्रण पाहा. सेकंदाला 60 चित्रे घेणाऱ्या फोनवर 0.02 सेकंदांपर्यंत सहज कळते. ट्रान्सपॉन्डर (गाडीतला ओळख-सिग्नल) आणि लूप (रेषेखालची तार) असलेली, लॅप आपोआप मोजणारी यंत्रणा मिळाली तर हा सगळा व्याप वाचतो, पण ती नाही म्हणून शर्यत अडू नये.

दुसरी अडचण पकडीची. खारघरला जानेवारीत पहाटे कोर्टावर दव असते, आठपर्यंत धूळ चिकटलेली असते आणि साडेनऊला काँक्रीट तापून पकड वाढते. शेवटी जाणाऱ्याला आयता फायदा. म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम लावा, दुसरी फेरी उलट्या क्रमाने घ्या आणि दोन्हींतली चांगली वेळ धरा. झाडण्यासाठी खराटा नको, त्याच्या काड्या ट्रॅकवर राहतात. मऊ झाडूने झाडून ओल्या फडक्याने आतली रेषा पुसा. एका गाडीला सव्वादोन मिनिटे धरली तर दोन फेऱ्यांना सत्तर मिनिटे लागतात.

हीट आणि शेवटची संधी

बोमन ग्रेला 2025 मध्ये 25 लॅपच्या चार हीट होत्या, प्रत्येकीतले पहिले पाच थेट आत. नंतर 75 लॅपच्या शेवटच्या संधीच्या शर्यतीतून आणखी दोघे आणि आदल्या वर्षीच्या गुणांवर एक. आपल्या छोट्या ट्रॅकवर अंतिम शर्यतीला आठ गाड्या बास होतात, म्हणून आकडे असे बदला.

पात्रता क्रमाने तीन हीट पाडा, पण नागमोडी: पहिलीत 1, 6, 7, 12, 13, दुसरीत 2, 5, 8, 11, 14, तिसरीत 3, 4, 9, 10, 15. ओळीने पाच-पाच घेतले तर पाच सर्वांत वेगवान गाड्या एकाच हीटमध्ये एकमेकींना बाहेर काढतात. प्रत्येक हीट 25 लॅपची, पहिले दोन अंतिम शर्यतीत. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या सहा गाड्या शेवटच्या संधीच्या शर्यतीत, तिथून फक्त विजेता वर. आठवी जागा बाहेर राहिलेल्यांतल्या सर्वोत्तम पात्रता वेळेला. ही जागा ठेवायलाच हवी. वेगवान गाडी हीटमध्ये दुसऱ्याच्या धडकेने उलटते, ते या छोट्या ट्रॅकवर हमखास होते.

मोजणीसाठी एका गाडीला एक माणूस. त्याच्या हातात फोनचे स्टॉपवॉच, आणि गाडी रेषा ओलांडेल तेव्हा लॅपचे बटण. एखादा लॅप चुकला तर नंतर यादीत 8.5, 8.6, 17.2, 8.5 असे दिसते, आणि 17.2 म्हणजे मध्ये बटण दाबायचे राहिले हे लगेच कळते. त्या वेळी गाडी उलटली होती का, एवढे फक्त मार्शलला (उलटलेली गाडी सरळ करणाऱ्याला) विचारा. नुसत्या रेघोट्या मारल्या तर वाद मिटवायला हाताशी काहीच नसते.

मार्शल चार, दोन्ही वळणांच्या आतल्या बाजूला दोन-दोन. नुकतीच हीट संपलेल्या चालकांनीच पुढच्या हीटला मार्शल व्हायचे. जो येणार नाही त्याची चांगली पात्रता वेळ रद्द. मार्शलने आधी येणाऱ्या गाड्या बघायच्या, मग हात घालायचा. गाडी सरळ करून योग्य दिशेला ठेवायची, दुरुस्ती करायची नाही.

उभ्या अवस्थेतून सुरुवात, दोन-दोनच्या रांगेत, रांगांत दीड मीटर अंतर. भोंगा ‘तयार’ म्हटल्यावर दोन ते पाच सेकंदांत कधीही वाजवा. ठरावीक वेळेला वाजवला तर लोक अंदाजाने सुटतात. आधी सुटलेला शेवटच्या रांगेत. कडेला कड लागणे या खेळात चालते. मागच्या डाव्या कोपऱ्यावर ठोकून पुढच्याला फिरवणे चालत नाही: ठोकणाऱ्याने थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचे, न थांबल्यास एक लॅप कमी.

अंतिम शर्यत

75 लॅप, म्हणजे साधारण अकरा मिनिटे. रांग अशी: हीटचे तीन विजेते पात्रता वेळेप्रमाणे, मग तीन दुसरे, मग शेवटच्या संधीचा विजेता, शेवटी आठवा.

पात्रता आणि हीटला एक बॅटरी, अंतिमसाठी दुसरी पूर्ण भरलेली. चार्जिंग 1सी ने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतक्या करंटने, 3000 एमएएचला 3 अँपिअर, आणि त्याला तासभर लागतो हे वेळापत्रकात धरा. शर्यतीतून आलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नका. चार्जिंगचे टेबल सावलीत, शेजारी वाळूची बादली आणि तिथे कायम एक मोठा माणूस. शर्यत संपल्यावर लायपो सेलमागे 3.8 व्होल्टवर आणूनच घरी न्या.

हीटनंतर मोटर थर्मामीटरने बघा. 80 अंशांच्या पुढे गेली असेल तर बहुतेक वेळा ड्राइव्हमध्ये काहीतरी अडकते आहे: चाकाचा नट जास्त आवळलेला, एखादा धागा एक्सलला गुंडाळलेला किंवा एखादे बेअरिंग खडखडणारे. बॅटरी काढून चाक हाताने फिरवा, सैल फिरले पाहिजे. अंतिम शर्यतीआधी वीस मिनिटांची मोकळीक याचसाठी ठेवायची असते.

विजेता आणि दुसरा, दोन्ही गाड्या ट्रॅकवरून थेट तपासणीच्या टेबलावर. बॉडी काढा, पिनियनचे दात मोजा, मोटरवरचा ठिपका बघा, वजन करा. ट्रॉफी त्यानंतर.