घरचं कॅरॅमल फ्रॉस्टिंग: साखरेला रंग येऊ द्या आणि मग थांबा

कॅरॅमल फ्रॉस्टिंग (केकवर लावायचा बटर-साखरेचा मऊ थर) नुसतंच गोड लागतं, कॅरॅमलची चवच येत नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. कारण साखर सोनेरी झाली की करपेल या भीतीने आपण लगेच गॅस बंद करतो आणि मग त्यात बटर आणि आयसिंग शुगर पडली की ती फिकी चव पार हरवून जाते, म्हणून फ्रॉस्टिंगसाठी कॅरॅमल नेहमीपेक्षा थोडं गडदच करायचं.

आधी कॅरॅमल सॉस, तोच नंतर फ्रॉस्टिंगमधे घालायचा. जाड बुडाच्या, खोलगट पातेल्यात २०० ग्रॅम साखर आणि ६० मिली पाणी घ्या, पातेलं शक्यतो स्टीलचं घ्या कारण काळ्या नॉनस्टिकमधे रंग कळतच नाही. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाजूला ठेवायचा, नंतर ढवळत बसलात तर साखर परत दाणे धरते. कडेला दाणे चिकटले तर ओल्या ब्रशने खाली ओढून घ्या, सुरुवातीलाच लिंबाचे २-३ थेंब टाकले तरी दाणे धरायची शक्यता बरीच कमी होते. साधारण १६० डिग्रीच्या पुढे रंग यायला लागतो आणि मग सगळं फार भराभर होतं, त्यामुळे तिथून हलायचं नाही, फोन वाजला तर वाजू दे. गडद मधासारखा तांबूस रंग आला की गॅस बंद. धूर दिसला किंवा जळका वास आला तर ते वाचत नाही हो, टाकून परत करा.

आता १२० मिली कोमट केलेलं क्रीम थोडं थोडं घाला. ते जोरात फसफसून वर येतं, खोलगट पातेलं त्यासाठीच, वाफेपासून हात लांब ठेवा आणि मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका, साखरेचा चटका फार वाईट असतो. मग ६० ग्रॅम बटर, अर्धा छोटा चमचा मीठ, ढवळलं की सॉस तयार. मीठ गाळू नका प्लीज, गोडवा त्यानेच आवरतो.

आणि आता थांबायचं, सॉस पूर्ण गार होईपर्यंत. बटर पस्तीसेक डिग्रीलाच वितळतं, त्यामुळे कोमट सॉस घातला तरी फ्रॉस्टिंगचं पाणी होतं, मी घाईत दोनदा हेच केलंय.

फ्रॉस्टिंगसाठी २२५ ग्रॅम मऊ बटर (बोट दाबलं की खळगा पडेल इतपत, तेलकट नको) ५ मिनिटं फेटा, फिकट आणि हलकं व्हायला हवं. मग ३०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून दोन-तीनदा करून घाला, नंतर साधारण १५० मिली सॉस घालून आणखी २ मिनिटं फेटा. यात १२ कपकेक आरामात होतात, सॉस उरेल तो वरून सोडायला.

पातळ वाटलं तर लगेच आयसिंग शुगर ओतू नका, गोड गोड होऊन बसतं. भांडं १५ मिनिटं फ्रीजमधे ठेवा आणि परत फेटा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जमतं. फाटल्यासारखं, दाणेदार दिसलं तर बटर गार पडलेलं असतं, भांडं बाहेरून जरा कोमट करून फेटत राहा, येतं जुळून. केक मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर सगळं घसरून ताटात!