विद्यार्थ्यांचा ब्लॉग सगळ्यांनी मिळून घडवताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत विद्यार्थ्यांचा ब्लॉग सुरू करायची हौस वाढली आहे, आणि मला ती मनापासून आवडते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथे आमची मुलं मांडवात बसून मोठ्यांचं ऐकतात. त्यांचं स्वतःचं लिखाण मात्र वहीतून बाहेर येत नाही. ब्लॉगमुळे ते येऊ शकतं. पण मदतीला म्हणून ज्या ज्या शाळेत जाते, तिथे त्याच त्या चुका पुन्हा दिसतात, आणि त्यांची झळ शेवटी मुलांनाच बसते. आपलं कुणी वाचत नाही हे एकदा मनात बसलं की ते पोर पुन्हा लिहायला बसत नाही.

आधी सगळं ठरवायचं, मग मुलांना विचारायचं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनेच होतं. शिक्षकांची बैठक होते. नाव ठरतं, निळी थीम ठरते, मेनूत 'सुविचार', 'सामान्यज्ञान', 'विज्ञानजगत', 'आमचे उपक्रम' असे विभाग पडतात. मग नववीच्या वर्गाला पडद्यावर दाखवून विचारलं जातं, "कसं वाटलं?" वर्ग एका सुरात म्हणतो, "छान, सर." को-डिझाइन म्हणजे जे वापरणार त्यांना सुरुवातीपासून सोबत घेऊन घडवणं; याला को-डिझाइन म्हणत नाहीत. सरांनी केलेल्या कामाला वर्गात उभं राहून नाही म्हणेल असं मूल आपल्याकडे कुठे सापडणार?

या पद्धतीची मुळं नॉर्वेत आहेत. १९७० च्या दशकात तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टेन न्यूगोर या संगणकतज्ज्ञाबरोबर काम केलं. कारखान्यात संगणक येत होते, आणि ज्या यंत्रणेवर आपल्याला राबायचं आहे ती कशी असावी हे ठरवताना आम्हीही असू, अशी कामगारांची भूमिका होती. यंत्रणा तयार झाल्यावर ती कशी वाटते हे सांगायला बोलावणं त्यांना पुरेसं नव्हतं. आपल्या मुलांनाही तेवढा मान मिळायला हवा.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका हायस्कुलात हेच झालं होतं. जूनमध्ये थाटात उद्घाटन झालं, आणि दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत ब्लॉग ओस पडला. जे काही होतं ते गाइडमधून उतरवलेलं: 'माझा आवडता ऋतू', 'झाडांचे महत्त्व'. मला बोलावलं ते "मुलांना लिहायला शिकवा" म्हणून. लिहायचं कसं हे त्या मुलांना ठाऊक होतं. आपण कुणासाठी लिहितोय, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

कॉम्प्युटर बंद ठेवला आणि प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. तुझं लिहिलेलं कुणी वाचावं असं तुला वाटतं, त्या माणसाचं नातं लिही. शिक्षकांना वाटत होतं, मुलं 'सगळ्यांनी' असं लिहितील. तसं दोघातिघांनीच लिहिलं. बाकीच्या चिठ्ठ्यांवर दादा, काका, बाबा, मावशी अशी नाती होती, आणि त्यातले बरेच जण कामाला गोव्यात होते. एक मुलगी म्हणाली, "टीचर, माझा दादा वेर्ण्याला कंपनीत आहे. रोज रात्री फोन करून विचारतो, पाऊस किती झाला, ओढ्यावरनं पाणी गेलं काय, बस आली काय." मग एकेक जण बोलू लागला. गावातून बाहेर गेलेल्या माणसाला घरची काय खबर हवी असते, याची यादी फळ्यावर मावेना.

त्या यादीतून ब्लॉग नव्यानं उभा राहिला. पावसाची आणि रस्त्याची खबर, भाताची लावणी कुणाची झाली कुणाची राहिली, रात्री रानात कुठे गवे उतरले, म्हातारी माणसं काय सांगतात. 'सुविचार' हा विभाग काढून टाकायला कुणाला सांगावं लागलं नाही. तो कुणी मागितलाच नव्हता.

म्हणून माझी सवय अशी: नाव, रंग, थीम यांतलं काहीही पहिल्या दोन बैठकांत बोलायचं नाही. तीनच प्रश्न. कुणी वाचावं? त्या माणसाला आत्ता काय कळत नाही? तो ते कुठे आणि कशावर वाचणार? मग मुलांनी त्या माणसाला खरोखर फोन करायचा किंवा घरी बसून विचारायचं, आणि त्याची उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिल या संस्थेनं २००४ मध्ये दोन हिरकण्यांची ('डबल डायमंड') जी आकृती मांडली, तिच्यात पहिली हिरकणी पूर्णपणे प्रश्न समजून घेण्यासाठीच आहे: आधी पसरायचं, मग नेमकं करायचं. उत्तर शोधायची पाळी दुसऱ्या हिरकणीत येते. आमच्याकडे बहुतेक जण पहिली हिरकणी ओलांडून उडी मारतात, आणि मग "मुलांना आवडच नाही" म्हणतात. हे ऐकलं की मला वाईट वाटतं.

"ज्यांना हा विषय आवडला त्यांनी हात वर करा"

मतदान लवकर घेतलं की मोठ्या आवाजाचं पोर जिंकतं. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात विणकरांची घरं आहेत. तिकडच्या एका वर्गात हात वर करून विषय निवडला गेला: क्रिकेट. चार मुलांनी आरडाओरडा केला, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून हात वर केले. नंतर चिठ्ठ्यांवर वेगवेगळं लिहायला लावलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या चिठ्ठीत निघालं, 'घरचा माग बंद झाला तेव्हा.' ती घरी कांड्या भरत असे. तिच्या त्या एका ओळीवरून वर्गातल्या निम्म्या मुलांना आपापल्या घरचं काही ना काही सांगायचं होतं असं कळलं. हात वर करताना ती गप्प होती.

आपल्या वर्गांत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. मराठी शाळेत बसलेल्या मुलाच्या घरी कन्नड, कोकणी किंवा उर्दू बोलत असतील. वर्गात मराठीत चटकन उठून बोलणं त्याला जड जातं, म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं नाही असं होत नाही. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची पद्धत मी इथे वापरते, ती अगदी साधी आहे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही न बोलता. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या. ज्या एकमेकींजवळच्या वाटतात त्या सगळ्यांनी मिळून जवळ सरकवायच्या. गठ्ठे पडले की मगच त्यांना नावं द्यायची. नावं आधी देऊन चिठ्ठ्या त्यांत कोंबू नका. घाईच्या शिक्षकांकडून हे हटकून होतं, आणि मग पुन्हा तेच 'सामान्यज्ञान' वर येतं.

कागद टाळून थेट कॉम्प्युटर

नवख्यांची अधीरता मला इथे सगळ्यात जास्त खटकते. टेम्प्लेट निवडलं की ब्लॉग झाला असं त्यांना वाटतं. कॉम्प्युटरवर एकदा बनलेलं पान मोडायला कुणाचा हात धजत नाही. कागद मात्र मुलं बिनधास्त फाडतात, आणि या टप्प्यावर तेच हवं असतं.

कोरा कागद तीनदा दुमडा, आठ चौकोन होतात. आठ मिनिटांत पहिल्या पानाची आठ रूपं काढायची. गुगलच्या डिझाइन स्प्रिंटमध्ये, म्हणजे थोड्या दिवसांत कल्पना काढून तपासायच्या पद्धतीत, हा प्रकार रूढ झाला. पहिली तीन रूपं सगळ्यांची सारखीच येतात, पाचव्या-सहाव्यापासून पोरं स्वतःचं काहीतरी काढायला लागतात, म्हणून मध्येच थांबवू नका. त्यातलं निवडलेलं रूप मोबाइलच्या आकाराच्या कागदावर पुन्हा काढायचं, ड्रॉइंग शीटवर नाही. वाचणारे सगळे मोबाइलवरच वाचणार आहेत.

आता एका मुलानं मोबाइल व्हायचं. समोरच्यानं कागदावर बोट ठेवलं की त्यानं पुढचा कागद समोर धरायचा. या खेळात सगळी दुखणी बाहेर येतात. एका गटानं हा कागद घरी आजीपुढे धरला. आजी म्हणाली, "मला कुठलं वाचाय येतंय, तूच वाचून दाखव की रे." त्या एका वाक्यावर गटानं प्रत्येक लेखाशेजारी ऐकायचं बटण काढलं आणि लेख स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरवलं. कुठल्या टेम्प्लेटनं हे सुचवलं असतं?

तपासायला शिक्षक नकोत, वाचणारी माणसं हवीत. पाच पुरतात. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये हेच मांडलं होतं: पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड होतात. आजी, बाहेरगावचा काका, दुसऱ्या शाळेतला मित्र, शेजारची ताई, दुकानदार. हातात द्या आणि गप्प बसा. "इथं दाबा आजी" असं मुलानं सांगितलं की ती तपासणी फुकट गेली.

मुलांची बोली पुसून काढणं

"काय करूलालास?" असं पोरानं संवादात लिहिलं की लाल पेन चालतं आणि तिथे "काय करत आहेस?" येतं. आजोबांच्या तोंडी पुस्तकी वाक्य येतं आणि लेखातले आजोबा निघून जातात. निवेदन प्रमाण मराठीत लिहायला शिकवा, तो मुलांचा हक्कच आहे, त्यांना पुढे परीक्षा द्यायच्या आहेत. पण बोलणाऱ्याचं बोलणं जसं आहे तसं राहू द्या. हा नियम शिक्षकांनी एकट्यानं करू नये. मुलं, शिक्षक आणि दोन-तीन पालक यांनी बसून एका पानावर लिहून काढावा: काय दुरुस्त करायचं, कशाला हात लावायचा नाही, कन्नड शब्द आला तर त्याचं काय करायचं. आधी शेजारच्या मित्रानं वाचायचं, मग शिक्षकांनी, आणि बदल लेखकाला दाखवल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करायचं नाही.

सीमाप्रश्नाचं काय, असं मला दर वेळी विचारतात. घरात जे बोललं जातं ते मुलांच्या लिखाणात येणारच. ते येऊ नये म्हणून विषयांची बंदी घालण्यापेक्षा, वर्गातल्या कन्नड घरच्या मित्रासमोर मी हे मोठ्यानं वाचू शकेन का, हा प्रश्न मुलांनी स्वतःच्या नियमांत घालावा. मी पाहिलेल्या गटांनी तो घातला आणि पाळला.

बाकीच्या, थोडक्यात

डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करून आणलेला मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर अगम्य अक्षरं दिसतात. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी नीट दिसतं. बोलून टाइप करणं मुलांना सोपं जातं, पण बोलीतले शब्द फोन स्वतःच्या मनानं बदलतो, तेव्हा नंतर वाचायलाच हवं.

फोटो मोबाइलमधून जसाच्या तसा चढवू नका. कणकुंबी-जांबोटीकडे रेंज जेमतेम असते, तिथे ते पान उघडेपर्यंत वाचणारा निघून जातो. आधी लहान करा.

मुलांचे चेहरे, पूर्ण नाव, गल्ली, वर्ग हे सगळं एका ठिकाणी देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. संमतीचा कागद पालकांना समजेल अशा भाषेत करा, एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत वाचून दाखवा.

सुरुवातीला विभाग तीनपेक्षा जास्त नकोत. रिकामा विभाग दिसला की वाचणारा परत येत नाही.

पासवर्ड एकाच शिक्षकाच्या डोक्यात ठेवू नका. त्यांची बदली झाली की ब्लॉगला कुलूप लागतं. खातं शाळेच्या नावानं काढा आणि पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या.

दहावीच्या हुशार मुलांवर सगळी भिस्त ठेवायची, ही शेवटची चूक. दिवाळीनंतर त्यांचे जादा तास सुरू होतात आणि मार्चच्या सुमारास एसएसएलसी परीक्षा येते. संपादक आठवी-नववीतून घ्या. माणसांना विचारणं आणि चिठ्ठ्या जून-जुलैमध्ये, कागदी नमुने ऑगस्टमध्ये, पहिलं पान दसऱ्याच्या सुट्टीआधी, असं मी वर्ष आखते. फेब्रुवारीत नववीच्या मुलांनी आठवीच्या मुलांना शेजारी बसवून काम हाती द्यावं. त्या वेळी नव्या मुलांना जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही द्या, आणि त्यातलं काय आता लागू नाही हे त्यांनाच ठरवू द्या.