जुनी फोर बाय फोर बघायला जाताना

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, बघायला जाताना सोबत एक जुनं पोतं घ्या. टॉर्च, पांढरं फडकं, लहान स्क्रू-ड्रायव्हर हेही घ्या, पण पोतं आधी. इस्त्रीचे कपडे घालून गेलेला माणूस गाडीखाली शिरत नाही. तो बोनेट उघडतो, दार आपटून बघतो, "आवाज बरा आहे की ओ" म्हणतो आणि ॲडव्हान्स देऊन येतो.

पोतं अंथरून आडवं झालात की पहिल्यांदा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट शोधा. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) निघून पुढच्या ॲक्सलला जातो तो. तो जागेवर आहे का? वेडा प्रश्न वाटेल. गेल्या खेपेला मलाही तो सुचला नाही. फोर बाय फोरचा लिव्हर पडत होता, डॅशबोर्डवर दिवा लागत होता, मग आणखी काय बघायचं? पण दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो. शाफ्ट काढून माळ्यावर टाकलेला असला तरी दिवा लागतोच, आणि मागच्या चाकांवर गाडी डांबरी रस्त्यानं मजेत पळते. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, गेलेला असतो, आवाज करत असतो, मेस्त्री म्हणतो "कुठं वापरताय फोर बाय फोर, काढून ठेवू", आणि शाफ्ट निघतो तो निघतोच. गाडी मात्र पुढं 'फोर बाय फोर' म्हणूनच विकली जाते. मालक खोटं बोलत असेलच असं नाही, तिसऱ्या मालकाला बिचाऱ्याला माहीतही नसतं. म्हणून शाफ्ट बघा. हात लावून बघा. क्रॉसला खेळ आहे का तेही हातानं हलवूनच कळतं.

अजून एक, थार म्हणजे फोर बाय फोर असं समजू नका. पहिल्या थारमध्येही डीआय इंजिनाची दोन चाकांवर चालणारी गाडी होती, आणि जानेवारी २०२३ पासून नव्या थारमध्येही तशी मिळते. बोलेरो तर बहुतेक सगळ्या तशाच.

खाली आहातच तर चॅसी बघून घ्या. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेली आणि समुद्राकाठी उभी राहिलेली, दोन्ही गाड्या गंजतात, पण खाऱ्या हवेचा गंज आतून पोखरतो. गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चॅसी ठोकत जा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तिथं टोक दाबून बघा. पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंटिंग, मागचा क्रॉस मेंबर इथं जास्त. खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर मी सरळ उठून चहा घेऊन घरी जातो. धुऊन लख्ख केलेलं इंजिनही तसंच, गळती पुसली गेलेली असते.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचा लेव्हलचा बोल्ट उघडायला सांगा. बोट घालून ऑइल फडक्यावर पुसा. काळपट असेल तर जुनं आहे, इतकंच. दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलंय. म्हणजे गाडी ओढ्यात उतरली आणि नंतर कुणी ऑइल बदललं नाही. बेअरिंग आणि क्राऊन-पिनियनचा खर्च धरूनच पुढं बोला. ट्रान्सफर केसचंही तेच. बोल्ट उघडू देत नाही म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, तेही उत्तरच आहे.

इंजिन थंड असताना जायचं. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, "मी आल्याशिवाय सुरू करू नका." पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सकाळी धक्का मारावा लागलाय का असं हसत हसत विचारा. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभका धूर वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय, इंजिन खोलावं लागणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर काळजी. काळ्याला मी फार घाबरत नाही, आधी एअर फिल्टर काढून बघतो. खानापूरकडची तांबडी धूळ कुठंही शिरते.

आता चालवा. आणि परत तेच, पुढची चाकं ओढतात का? शाफ्ट आहे म्हणून सुटलात असं नाही. जुन्या जीपला चाकावर हातानं फिरवायचे हब असतात. ते फ्री वर, म्हणजे चाक ॲक्सलपासून सुटं, असले तर लिव्हर टाकून काही होत नाही, आणि अनेकदा ते गंजून बसलेले असतात, फिरतच नाहीत. फिरवून बघा. मग सिमेंटच्या किंवा डांबरी जागेवर फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून, स्टेरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, माणूस चालतो त्या वेगानं चार-पाच फूट जा. गाडी अडखळली पाहिजे, कुणी मागून धरल्यासारखी. लिव्हरच्या जुन्या पद्धतीच्या गाडीत हे झालंच पाहिजे, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. लोण्यासारखी वळली तर पुढचं काहीतरी तुटलंय, सुटलंय किंवा नाहीच. चार-पाच फुटांपेक्षा जास्त करू नका, गिअरवर ताण येतो.

त्यानंतर फोर लो (चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त), नांगरलेल्या रानात. गाडी पूर्ण थांबवून टाकायचा. बरोबरच्या माणसाला बाहेर उभा करा आणि पुढची चाकं माती उडवतात का एवढंच बघायला सांगा. रिव्हर्समध्येही करा. चढावर ॲक्सिलरेटर सोडला की लो निसटून न्यूट्रलला येतो का बघा. "इथं चिखल कुठाय" असं मालक म्हणेल. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पश्चिमेला हे वाक्य कुणी बोलू नये. आणि उन्हाळ्यात बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलात तर नांगरलेलं काळं रान आहेच. चालवू देत नसेल तर गाडी घेऊ नका. हे एक राहिलं तर बाकी सगळं बघून उपयोग नाही, पावसात शेताच्या वाटेला रुतल्यावर कळतं.

टायर पाचही सारख्या मापाचे हवेत. मापात फरक असलेल्या टायरवर फोर हाय वापरली की ट्रान्सफर केस मरते. तारीख टायरवरच असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोठे टायर, उंच केलेली गाडी, लोखंडी बंपर हे शोभेचं समजा, त्याचे पैसे देऊ नका. कंपनीनं केलेल्या रचनेत असे बदल चालत नाहीत असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. पकडले तर तुम्हीच पकडले जाणार. स्टेरिंगचा खेळ, ब्रेक, क्लच नेहमीप्रमाणे.

कागद. आपल्याकडं गाडी बेळगावच्या केए २२ ची नसून एमएच ०९ ची निघणं रोजचंच, कोल्हापूर दीड-दोन तासांवर. तिकडची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवली तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि इकडचा लाइफटाइम टॅक्स. टॅक्स किती बसेल ते बेळगावच्या आरटीओत विचारून मगच भाव बोला. महाराष्ट्रातला उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण अर्ज ज्यानं टॅक्स भरलाय त्याच्या नावानं, म्हणून सही आधीच घ्या. "नंतर बघू" म्हणणारा मालक नंतर फोन उचलत नाही. कर्ज असेल तर फॉर्म ३५ बँकेच्या शिक्क्यासह हातात पडू दे. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० नेहमीचे.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. जुन्या जीपची इंजिनं बदललेली असतात. पंधरा वर्षं झाली असतील तर रजिस्ट्रेशन पुढं वाढवलंय का ते तारीख बघून. परिवहनच्या साइटवर चलनं बघा. विमा चौदा दिवसांत नावावर. दोन्ही चाव्या, जॅक, पाना मागून घ्या.