तंबाखू विचारलात, मिशरी विचारलीत का? खेड्यातल्या मेडिकल रिसर्चमध्ये या चुका टाळा

दरवर्षी नवीन पोरं येतात. कुणी एमबीबीएस होऊन पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर, पोस्टिंग घेऊन आलेलं, कुणाच्या डोक्यावर पीजीचं थिसिस, आणि पहिल्याच दिवशी प्रश्न ठरलेला, "सर, केसेस किती लागतील?" माप कसं घ्यायचं, पेशंटला कुठल्या शब्दांत विचारायचं, हे कोण विचारत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं असल्या अभ्यासांच्या मागं फिरलोय, थोडे स्वतः केले, जास्त करून दुसऱ्यांचे निस्तरले, आणि चुका बघाल तर त्याच त्या. तोंडानं सांगून कंटाळा आला म्हणून आता लिहितोय.

केसेसचं आधी संपवून टाकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा अभ्यास २०११ साली बीएमजेत, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, नुसतं प्राझोसिन हे औषध विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष. पेशंट फक्त ७०. दहा तासांत पूर्ण सावरलेले नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८, प्रतिविषवाल्यात ३५ पैकी ३२. एवढा धडधडीत फरक असेल तर ७० पुरतात. तुम्हाला बीपीतला चार पॉइंटचा फरक पकडायचाय तर ७० मध्ये काय दिसणार नाही, शेकड्यांनी लागतील. स्टॅटिस्टिक्सवाल्याकडं पहिल्या पेशंटच्या आधी जा. झालं. "तीस पुरतात सर, सीनियरनं सांगितलंय" हे मला परत ऐकवू नका.

आता निपाणीची गोष्ट. गरोदर बायकांचा छोटा अभ्यास होता, आईचं वजन, हिमोग्लोबिन, तंबाखू, आणि पुढं बाळाचं वजन. फॉर्म आधी इंग्रजीत, त्यावरून कन्नड, आणि कन्नडवरून कुणीतरी रातोरात मराठी करून टाकलेला. त्यात प्रश्न, 'आपण तंबाखूचे सेवन करता का? होय / नाही.' पहिल्या महिन्याचे फॉर्म आले ते सगळे 'नाही'. एक म्हणून होय नाही. अहो निपाणी आहे ती! घराघरात बायका विड्या वळतात, १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवून धरला ती निपाणी. आणि आमचा डॉक्टर खूश, "सर, बायकांत अवेअरनेस चांगला आहे इकडं."

त्याला गाडीत घातलं आणि त्याच्याच यादीतल्या एका घरी गेलो. सातवा महिना चाललेली बाई, दारातच बसलेली. मी विचारलं तंबाखूचं, तर म्हणाली, "न्हाई ओ डॉक्टर, आमच्यात बायका तंबाखू कुठं खातात?" बरं. "मग सकाळी दात कशानं घासतासा?" "मिशरीनं की." "दिवसातनं किती येळा?" "सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि दुपारी डोकं धरलं की लावतो उगंच." आतून सासूबाईंनी डबीच आणून दाखवली, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, हातानं चुरलेली. डॉक्टरसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

बाई खोटं बोलली नव्हती. मिशरी खात नाहीत, लावतात. तिच्या लेखी 'सेवन' म्हणजे खाणं, आणि तंबाखू खातात ते गडी. पण हिरडीतून निकोटीन रक्तात जायचं ते जातंच. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली बीएमजेत आलाय, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मिशरीवाल्याच होत्या. आता मिशरी लावणाऱ्या सगळ्या तुम्ही 'नाही'च्या रकान्यात टाकल्या की दोन्ही गट सारखेच, फरक दिसणार कुठनं? मग थिसिसमध्ये लिहायचं 'संबंध आढळला नाही' आणि पुढच्यानं तेच उतरवायचं. आम्ही सगळी घरं परत फिरलो, पंधरा दिवस गेले, पेट्रोल माझं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फॉर्म छापायच्या आधी गावातली आशाताई आणि दोन म्हाताऱ्या बायका यांच्यासोबत चहा घेत बसायचं आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायचा. त्या कुठं हसतात, कुठं एकमेकींकडं बघतात, तिथं खूण करायची. तंबाखूचा एक प्रश्न आता माझ्याकडं पाच झालाय, मिशरी लावता का, विडी ओढता का, तपकीर ओढता का, पानात तंबाखू घालता का, गुटखा खाता का. क्रियापद बदललं की उत्तर बदलतं. मराठी फॉर्म झाला की मूळ फॉर्म न बघितलेल्या माणसाकडून तो उलटा इंग्रजीत करून घ्यायचा, तिथं गंमत कळते. एकदा 'जीव घाबरा होतोय' याचं उलटं भाषांतर 'भीती वाटते' असं आलं, म्हणजे छातीत धडधडणारी म्हातारी गेली मानसिक आजाराच्या खात्यात. आणि गावाच्या नावावरून भाषा ठरवू नका हो, एका गल्लीत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड, आणि सून हुक्केरीकडची असली तर एकाच घरात दोन्ही. "घरात काय बोलता?" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

दुसरं माझं दुखणं म्हणजे बीपी.

एका पीएचसीत रजिस्टर बघायला गेलो. १२०/८०, १३०/८०, १४०/९०, १२०/८०, पानंच्या पानं. डायलच्या मशिनवर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६ नाहीतर ८. प्रामाणिकपणे वाचलं तर साधारण पाचातलं एक रीडिंग शून्यावर संपेल. इथं सगळीच शून्यावर. १३८ वाल्याला तुम्ही १४० लिहिलंत की तो बीपीचा पेशंट झाला, गोळी चालू, कदाचित जन्मभर. हे सगळं रजिस्टर लिहिणाऱ्या पोराला नीट बसवून समजावलं, त्यानं मान डोलावली. पंधरा दिवसांनी नवीन रजिस्टर आलं, त्यात १२७, १३३, १४१. मी म्हटलं, "बाळा, या मशिनवर १२७ ची रेघ दाखव मला." त्यानं डायलकडं बघितलं, मग फरशीकडं.

राग आला होता खरा, पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथं सकाळभर बसलो आणि राग निम्मा उतरला. ओपीडीला लाइन दारापर्यंत, टेबल व्हरांड्यात, पेशंट बस स्टँडवरून चालत आलेला तसाच स्टुलावर, पाठीला टेकू नाही, आणि कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, एकच, त्याचंही वेल्क्रो सुटलेलं. हा एकच कफ सगळ्यांना. २०२३ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ज्यांना एक्स्ट्रा लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ नं जास्त आलं. १९.५! लार्जवाल्यांना ४.८ नं जास्त. आणि उलट, बारीक दंडाला मोठा कफ लावला तर कमी दाखवतो, म्हणजे आपल्या ऊसतोडीच्या बायकांचं खरं बीपी लपतं.

मी काय करतो सांगतो. टेप घेऊन दंड मोजतो, तीन साइजचे कफ पिशवीत असतातच. पाठ टेकून पाच मिनिटं बसवायचं, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या पातळीला टेबलावर, आणि उसाच्या बिलाच्या गप्पा बंद, बोललं की बीपी चढतं. एक मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग, दोन्ही लिहायची, आपल्याला आवडलेलं एक निवडायचं नाही. आणि खरं सांगू का, आता अभ्यासासाठी मी तपासून घेतलेलं डिजिटल मशिनच देतो. डायलनं शिकावं हे मलाही मान्य आहे, पण शिकणं एकीकडं आणि डेटा एकीकडं.

नीट मोजलं की काय होतं ते बघायला लांब जायला नको. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जेएनएमसी या बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या लोकांनी मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा, अभ्यास केला, १६२० बायका, बाळंतपणं एएनएमच्या, म्हणजे गावातल्या नर्सबाईंच्या हातची, २००६ साली लॅन्सेट जर्नलमध्ये आला. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर. त्यात रक्त अंदाजानं नाही मोजलं, बाईच्या खाली खुणा केलेली पिशवी असलेलं प्लास्टिक अंथरून मोजलं. डोळ्यांनी अंदाज करणारा कमीच धरतो, कितीही अनुभवी असू दे.

बाकीच्या भराभर सांगतो.

साप चावल्यावर रक्त गोठतंय का बघायची वीस मिनिटांची टेस्ट: बाटली काचेचीच, कोरडी, आणि साबणानं न धुतलेली. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या बाटलीत चांगलं रक्तपण गोठत नाही, मग विष नसताना प्रतिविष. आणि वीस मिनिटं म्हणजे वीस, मध्ये मध्ये तिरकी करून बघणारे उतावळे हात मी बरेच बघितलेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पिट व्हायपर जातीचे विषारी सापही असतात, त्यातल्या हम्प-नोजवर आपलं नेहमीचं प्रतिविष चालत नाही, तेव्हा 'प्रतिविषाला प्रतिसाद नाही' लिहिण्याआधी साप कुठला ते विचारा. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंश कळवणं बंधनकारक आहे, नोंद तेवढी करा.

संमतीपत्र ओपीडीच्या लाइनमध्ये सही करून घेऊ नका. अंगठा असेल तर वाचता येणारा, आपल्या टीमबाहेरचा साक्षीदार पाहिजे. कंपाउंडर चालत नाही.

सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी रजिस्टरात, नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. २०१८ च्या एप्रिलपासून मागनं नोंदणी घेत नाहीत, आणि मला "काहीतरी करा ना सर" म्हणून फोन करू नका.

एक्सेलमध्ये रिकामी जागा आणि शून्य एक नव्हे. तारीख ५/६ लिहिली तर मे की जून, तुमचं तुम्हालाच कळत नाही.

ग्रामीण डॉक्टरांच्या ट्रेनिंगवर अभ्यास करणाऱ्यांना एक. सकाळी प्री-टेस्ट, मध्ये लेक्चर आणि जेवण, संध्याकाळी तीच पोस्ट-टेस्ट, मार्क वाढले, पेपर तयार. मार्क वाढणारच की, उत्तरं दुपारी तुम्हीच सांगितलीत. तीन महिन्यांनी त्याच्या ओपीडीत जाऊन बसा, कफ कुठला लावतो ते बघा. कोणी जात नाही, कारण तिथं एसी हॉल नसतो.

बेळगावच्या दवाखान्यात चंदगडहून पेशंट येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो. दवाखान्यातले आकडे भागिले तालुक्याची लोकसंख्या असलं गणित इकडं चालत नाही. पत्ता विचारा आणि राज्यही लिहा.

आणि फॉलोअपची तारीख कॅलेंडर बघून द्या. ऊस सुरू झाला की माणसं फडात, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा, चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, पावसाळ्यात कणकुंबीकडं गाडीच जात नाही. मोबाइल नंबर घेताना तो कुणाचा हेही लिहा. एका आजींचा सहा महिन्यांचा फॉलोअप राहिला होता, फोन लावला तर मुलगा पुण्यात. "आई? ती मायाक्काच्या जत्रेला गेलीया की." शेवटचा दिवस होता, मशिन घेऊन गेलो चिंचलीला, माघातली गर्दी, शोधून शोधून आजी सापडल्या, एका बैलगाडीला पाठ टेकवून पाच मिनिटं बसवल्या आणि बीपी घेतलं. १७२. घरी येऊन फॉर्मवरच ते खोडलं आणि 'फॉलोअप नाही' लिहिलं, दोन हातांवर ढोल वाजत होता आणि आजी सगळा वेळ भंडारा लावत माझ्याशी बोलत होत्या.