भाड्याच्या दुचाकीवरून परदेशप्रवास : कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

दुचाकीवरून लडाखला जाऊन आलेली माणसे आता कोल्हापुरात पेठेपेठेत भेटतात आणि त्यांतल्या अनेकांच्या मनात पुढचा बेत परदेशाचा असतो. स्वतःची गाडी जहाजाने किंवा विमानाने न्यायची, तर वाहतुकीचा खर्च, सीमाशुल्काची हमी आणि बंदरातील खोळंबा हे सगळे सोसावे लागते. सहा महिने फिरणाऱ्याला ते परवडते. दोन आठवड्यांची रजा काढून निघणाऱ्याने तिथे जाऊन गाडी भाड्याने घ्यावी, हेच शहाणपणाचे. मात्र अशा प्रवासाचे नियोजन बहुतेक जण नकाशापासून सुरू करतात आणि कागदपत्रे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. क्रम नेमका उलटा हवा. कोणत्या देशात आपले लायसन्स चालते यावर विमा अवलंबून असतो, विम्यावर देशाची निवड अवलंबून असते, आणि देश ठरला की रस्ता ठरवणे हे सर्वांत सोपे आणि आनंदाचे काम उरते.

आरंभ आपल्या लायसन्सपासून करावा. त्यावर ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरच्या दुचाकीचा वर्ग आहे का, हे आधी पाहावे. केवळ चारचाकीचे लायसन्स काढून वर्षानुवर्षे बुलेट चालवणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत आणि इथे ते खपूनही जाते. परदेशी दुकानदार मात्र तो वर्ग दिसल्याशिवाय किल्ली देत नाही. वर्ग चढवून घ्यायचा असेल, तर शिकाऊ परवाना आणि चाचणी यांत वेळ जातो, शिवाय अनेक भाडे कंपन्या लायसन्स किमान एक-दोन वर्षे जुने असावे अशी अट घालतात. लायसन्सचे मूळ कार्डही जवळ हवे, कारण मोबाईलमधील डिजिलॉकरची प्रत परदेशात दाखवून उपयोग होत नाही.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्याच देशात, परिवहन कार्यालयाकडूनच मिळतो. कोल्हापूरकरांसाठी ते कार्यालय ताराबाई पार्कात आहे. परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर नमुना ४ अ भरून अर्ज करावा लागतो आणि शुल्क १,००० रुपये आहे. पासपोर्टची प्रतही जोडावी लागते. हे काम प्रस्थानाच्या किमान तीन आठवडे आधी उरकावे. परवाना एक वर्ष, किंवा मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असल्यास तोपर्यंत, चालतो. पुस्तिका हातात पडताच दुचाकीच्या ‘अ’ वर्गासमोर, म्हणजे रोमन लिपीतील पहिल्या अक्षरासमोर, शिक्का आहे ना हे खिडकीपाशीच तपासावे, कारण शिक्का राहिला असेल तर त्याची दुरुस्ती परदेशातून होत नाही. इंटरनेटवर घरबसल्या ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणारी संकेतस्थळे आहेत. त्यांच्या कागदाला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही.

भारत हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार देतो. थायलंडसारख्या देशांत तो चालतो; व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवानाच मान्य करतो. तिथल्या हा जांगच्या डोंगरवाटांची छायाचित्रे पाहून अनेकांना मोह पडतो आणि दुकानदारही कागद न विचारता गाडी देऊन टाकतो. गाडी मिळाली म्हणजे ती चालवण्याचा हक्क मिळाला असे नव्हे. वैध परवान्याशिवाय चालवताना अपघात झाला, तर प्रवासविम्याची कंपनी दावा फेटाळू शकते आणि मग रुग्णालयाचे बिल पूर्णपणे आपल्या खिशातून जाते. दंडाची रक्कम त्या मानाने किरकोळ असते. श्रीलंकेत आणखी वेगळी व्यवस्था आहे: तिथे आंतरराष्ट्रीय परवान्याच्या जोडीला स्थानिक मान्यता घ्यावी लागते आणि द्रुतगती मार्गांवर दुचाकींना प्रवेश नाही.

विम्याचा कागद सावकाश, शक्यतो दोघांनी मिळून वाचावा. आपल्याकडील नेहमीच्या प्रवासविम्यात दुचाकी चालवण्याचा उल्लेखच नसतो, किंवा अपवादांच्या यादीत ती साहसी खेळांच्या ओळीत बसवलेली असते; काही योजनांत इंजिनच्या क्षमतेची मर्यादाही असते. दलाल तोंडी ‘सगळे कव्हर आहे’ म्हणाला तर त्यावर विसंबू नये. ‘अमुक सीसीची दुचाकी भाड्याने घेऊन स्वतः चालवत असताना झालेल्या अपघाताचा वैद्यकीय खर्च आणि भारतात परत आणण्याचा खर्च मिळेल का’ एवढा एकच प्रश्न कंपनीला ईमेलने विचारावा आणि लेखी उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. मागे जोडीदार बसणार असेल, तर त्याच्याविषयीही वेगळे विचारावे.

हा झाला आपल्या शरीराचा विमा. गाडीचा विमा निराळा असतो आणि तो भाडे कंपनी देते. युरोपात त्रयस्थाचे नुकसान भाड्यातच विमाबद्ध असते, परंतु गाडीच्या नुकसानीचा पहिला हिस्सा आपल्याला भरावा लागतो आणि तो हजार ते तीन हजार युरोपर्यंत असू शकतो. जादा पैसे भरून तो कमी करता येतो, आणि पहिल्याच परदेशप्रवासात ते पैसे भरावेत असे माझे स्पष्ट मत आहे. टायर, क्लच, किल्ली हरवणे आणि चुकीचे इंधन भरणे या गोष्टी मात्र बहुधा त्या संरक्षणाबाहेर राहतात. थायलंडमध्ये गाडीबरोबर येणारा सक्तीचा विमा केवळ माणसांच्या दुखापतीपुरता आणि तोही अल्प रकमेचा असतो. तिथे गाडीचे नुकसान म्हणजे दुकानदाराशी थेट हिशेब.

अनामत रक्कम हा विषय इथून निघताना क्षुल्लक वाटतो आणि तिथे काउंटरवर अडचणीचा होतो. युरोपातील कंपन्या ती रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड चालकाच्याच नावाचे हवे, त्याची मर्यादा पुरेशी हवी आणि परदेशी व्यवहार सुरू केलेले हवेत. डेबिट कार्ड किंवा प्रवासासाठी भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड पुष्कळ ठिकाणी नाकारले जाते. आग्नेय आशियात काही दुकाने अनामत म्हणून पासपोर्टच मागतात. तो देऊ नये. रोख अनामत आणि पासपोर्टची छायाप्रत यांवर तयार होणारे दुकान शोधावे, मग भाडे थोडे अधिक पडले तरी चालेल.

आता देशाची निवड. पहिल्या वेळी डाव्या बाजूने वाहतूक असलेला देश घ्यावा: नेपाळ, श्रीलंका, थायलंड, न्यूझीलंड. त्यांतही नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि चूक झाली तरी घर जवळ असते. भूतानमध्येही वाहतूक डावीकडूनच चालते, पण भारतीय पर्यटकाला तिथे दर रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क द्यावे लागते, ते हिशेबात धरावे. थायलंडमधील चियांग माईहून पाई, मे होंग सोन आणि मे सारियांग करून परत येणारा सुमारे ६०० किलोमीटरचा फेरा मला पहिल्या प्रवासासाठी सर्वांत योग्य वाटतो. १,८६४ वळणांसाठी तो प्रसिद्ध आहे, रस्ता उत्तम आहे आणि चार-पाच दिवसांत निवांत होतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्याचा काळ; फेब्रुवारीअखेरपासून शेतातील आणि जंगलातील आगींच्या धुराने तो प्रदेश कोंदटतो.

आल्प्स पर्वताचे वेळापत्रक कोल्हापूरकरांना विशेष सोयीचे आहे. गगनबावड्यात पाऊस कोसळत असतो आणि आपल्या घाटांत धुके उतरलेले असते, नेमक्या त्या जून ते सप्टेंबरच्या काळात तिथल्या उंच खिंडी बर्फातून मोकळ्या झालेल्या असतात. ज्यांचा धंदा ऊस आणि गळीत हंगामाशी जोडलेला आहे, त्यांनाही हेच महिने मोकळे सापडतात. तिथे जायचे तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा जोडावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करावी. व्हिसा मिळेपर्यंत गाडी आणि हॉटेल यांचे आरक्षण रद्द करता येईल असेच ठेवावे.

मार्ग आखताना अंतराचा मोह आवरावा लागतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दिवसाला सहाशे किलोमीटर सहज मारणाऱ्यांना आल्प्समधील दोनशे किलोमीटर हास्यास्पद वाटतात, पण तीन खिंडी चढून उतरल्यावर मनगटे आणि डोळे दोन्ही थकतात. नमुन्यादाखल जर्मनीतील म्युनिकहून निघून परत येणारा आठ दिवसांचा मार्ग असा बसतो: पहिल्या दिवशी ऑस्ट्रियातील झेल आम झे, दुसऱ्या दिवशी ग्रोसग्लॉकनरचा ४८ किलोमीटरचा टोल रस्ता ओलांडून लिएन्झ, पुढे इटलीतील कोर्तिना आणि २,२३९ मीटर उंचीची पोर्दोई खिंड करत डोलोमाइट्स या डोंगररांगेत दोन रात्री, मग बोल्झानो, तिथून सफरचंदांच्या बागांनी भरलेल्या दरीतून प्रातो गावापर्यंत जाऊन २,७५७ मीटर उंचीची स्टेल्व्हियो खिंड. तिची ४८ हेअरपिन वळणे प्रातोच्या बाजूला आहेत, म्हणून याच बाजूने चढावे आणि सकाळी आठच्या आत सुरुवात करावी. दुपारी सायकलस्वार, मोटारी आणि बस यांच्या गर्दीत त्या रस्त्याची मजा जाते. माथ्याजवळूनच उम्ब्राइल खिंडीचा रस्ता स्वित्झर्लंडमध्ये उतरतो आणि लांडेकमार्गे म्युनिक गाठता येते. एक दिवस रिकामा ठेवावा, कारण जूनमध्येही उंचावर बर्फ पडून खिंड तात्पुरती बंद होऊ शकते. गाडी कोणकोणत्या देशांत नेता येईल, कच्च्या रस्त्यावर चालेल का आणि दिवसाची किलोमीटर-मर्यादा किती, हे भाडेकरारात पाहूनच हा मार्ग पक्का करावा. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर जायचे असेल तर ४० फ्रँकचे वार्षिक टोलपत्र दुचाकीलाही लागते.

गाडी निवडताना थोडा अहंकार बाजूला ठेवावा. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि सीटची उंची ८०५ मिलिमीटर असते. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस २४९ किलोंची आहे, तीवर सामानाच्या पेट्या आणि मागे माणूस चढला की उतारावरच्या वळणात पाय टेकताना तो फरक कळतो. पाचशे ते सातशे सीसीची गाडी आल्प्समध्ये दोघांनाही पुरते आणि थायलंडमध्ये तर तीनशेची हलकी गाडी अधिक आनंद देते. युरोपात मध्यम गाडीचे भाडे साधारण १०० ते १५० युरो रोज पडते. आठवडाभराचे एकत्र आरक्षण केल्यास दर उतरतो.

सरावाला आपल्याला लांब जावे लागत नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, फोंडा करत फोंडाघाट चढावा आणि दाजीपूर-राधानगरीमार्गे परत यावे. जायच्या वेळेइतकेच सामान लादून आणि जोडीदाराला मागे बसवून हा फेरा केला, की आपली खरी क्षमता समजते. घाटात हॉर्न वाजवून वळण घेण्याची आणि वळणावर रस्त्याच्या मध्याकडे सरकण्याची आपली सवय याच फेऱ्यांत मोडावी. उजव्या बाजूच्या वाहतुकीचा सराव मात्र इथे करता येत नाही. भरगच्च रहदारीत चूक होत नाही, कारण समोरची वाहने आपल्याला वळण लावतात. चूक होते ती सकाळी मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना. टाकीवर उजवीकडे बाण दाखवणारी चिकटपट्टी लावून ठेवावी. गोल चौकात तिथे घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे आणि आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. सिग्नलला मोटारींच्या फटींतून पुढे सरकणे जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये नियमात बसत नाही.

हेल्मेट घरूनच न्यावे. केवळ आयएसआय चिन्हाचे हेल्मेट युरोपात ग्राह्य नाही; ईसीई २२.०५ किंवा २२.०६ या तिथल्या हेल्मेट-मानकाची खूण त्यावर असली पाहिजे. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजेही सक्तीचे आहेत. हेल्मेट, जॅकेट आणि बूट विमानात अंगावर किंवा हातातल्या सामानात ठेवावेत, कारण बाकी सामान उशिरा पोहोचले तरी गाडी ठरल्या दिवशी हाती घेता येते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. दुकानदाराच्या देखत चारही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात चित्रफीत घ्यावी. टायर, चेन, लिव्हर, आरसे, पेट्यांची कुलुपे आणि किलोमीटरचा आकडा त्यात दिसला पाहिजे, आणि आधीचा प्रत्येक ओरखडा करारावर लिहून घ्यावा. बंद पडल्यास कोणाला फोन करायचा, हे विचारून ठेवावे. युरोपात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५.

परत करतानाही हीच चित्रफीत पुन्हा घ्यावी, टाकी भरून द्यावी आणि ‘नुकसान नाही’ अशी सही केलेली पोच मागावी. दुकान बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकून जाण्याची सोय अनेक ठिकाणी असते. ती वापरू नये, परतीचे विमान दुसऱ्या दिवसाचे ठेवावे. अडकवलेली अनामत सुटायला काही दिवस लागतात. वेगमर्यादेचा कॅमेऱ्याने टिपलेला दंड तर भाडे कंपनीकडून फिरत, तिचे प्रक्रिया शुल्क जोडून, महिन्यांनीही कार्डावर येऊ शकतो, म्हणून करार, पोच आणि चित्रफिती किमान सहा महिने पुसू नयेत आणि तोपर्यंत कार्डाचे प्रत्येक विवरणपत्र ओळीने वाचावे.